त्वचेची साक्ष

गोमंतकातील आमच्या एका देवस्थानात वार्षिक उत्सवातील एका दिवसाची सेवा एका घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. त्या दिवशी घराण्यातील कर्त्या पुरुषाने सोवळे नेसून, उघड्या अंगाने गर्भागाराच्या उंबऱ्यापाशी बसावयाचे व अभिषेकाचा संकल्प सोडावयाचा, असा तेथील रिवाज. काही वर्षांपूर्वी त्या कर्त्या पुरुषाच्या कोपरांवर, पाठीवर आणि पोटावर तांबूस चट्टे उठले आणि त्यांवर चंदेरी पापुद्रे धरू लागले. डॉक्टरांनी निदान केले ते सोरायसिसचे. पुढच्या उत्सवाच्या सुमारास महाजनांत कुजबुज सुरू झाली. 'असे अंग घेऊन देवापुढे बसणे बरे दिसते काय,' असे कोणी म्हणाले. 'तीर्थप्रसादाला लोक पुढे येणार नाहीत,' असे आणखी कोणी म्हणाले. आम्ही व्यवसायाने वकील आणि त्याच देवस्थानचे महाजन. तेव्हा मत विचारावयास दोघे-तिघे आमच्याकडे आले.

आम्ही नियमावली चाळून सांगितले की, त्या गृहस्थांना संकल्पास बसण्यापासून रोखण्याचा अधिकार कोणासही नाही. येथवर आमचे म्हणणे कायद्याला धरून होते. पण तेवढ्यावर न थांबता आम्ही पुढे म्हणालो, "तथापि उत्सवात वितुष्ट नको. या खेपेस त्यांच्या धाकट्या बंधूंना बसू द्या. त्यांची समजूत आम्ही घालतो." आणि आम्ही ती घातली. त्यांनी एका शब्दानेही वाद केला नाही. "वकीलबाब, तुमी म्हणटात तशें जांव. हांव पयस रावतां," एवढेच ते बोलले आणि त्या दिवसापासून खरोखरच दूर राहू लागले. पालखीस येणे सुटले, लग्नमुंजीस जाणे सुटले. ऐन वैशाखातही लांब बाह्यांचा सदरा अंगावरून उतरेना. ज्या डॉक्टरांपुढे तो उतरवावा लागेल त्यांच्याकडे जाणेही त्यांनी सोडून दिले. तीन वर्षांनंतर, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, एका पहाटे त्यांच्या छातीत कळ आली. वेळेवर इस्पितळात नेल्यामुळे ते वाचले. त्यांना भेटावयास गेलो असता तेथील डॉक्टरांनी आम्हांला विचारले, "इतकी वर्षे यांचा रक्तदाब, साखर, चरबी कोणीच कशी तपासली नाही? या त्वचारोगाच्या माणसाच्या हृदयाकडे अधिक लक्ष द्यावयास हवे होते."

त्या प्रश्नाने आम्हांला जो विचार करावयास लावला तो वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

त्वचेच्या चट्ट्यांचा हृदयाशी संबंध काय, असे कोणीही सहज विचारील. आम्हीही विचारले. आम्ही वैद्य नव्हे. परंतु न्यायालयात तज्ज्ञांची साक्ष ऐकून ती समजून घेण्याची आम्हांला सवय आहे, आणि या विषयावरील तज्ज्ञांची साक्ष पुरेशी स्पष्ट आहे. सोरायसिस हा जंतूंनी होणारा रोग नव्हे. शरीराचे रक्षण करणारी जी प्रतिकारयंत्रणा, तीच येथे विनाकारण शस्त्र उपसून उभी राहते. निरोगी त्वचेचा वरचा थर नवा होण्यास सुमारे महिना लागतो. या रोगात चट्ट्याच्या जागी तेच काम चार-पाच दिवसांत उरकले जाते आणि जुनी त्वचा झडण्यापूर्वीच नवी वर येऊन पापुद्र्यांची रास होते. याच्या मुळाशी आनुवंशिकतेचाही भाग असतो. मात्र तो स्पर्शाने, एका भांड्यातील पाण्याने, एका पंगतीस बसल्याने किंवा एका अंथरुणावर निजल्याने दुसऱ्यास होत नाही. २०१४ साली जागतिक आरोग्य परिषदेने या रोगासंबंधी स्वतंत्र ठराव केला. त्यात हा रोग दीर्घकालीन, वेदनादायक आणि असंसर्गजन्य असल्याचे नमूद करून रुग्णांची जी अवहेलना होते तिकडे राष्ट्रांचे लक्ष वेधले आहे.

आता हृदयाकडे वळू. हृदयविकाराचा झटका म्हणजे नळात गाळ साचून तो तुंबावा तसा प्रकार, अशी आपली साधारण समजूत असते. ती अपुरी आहे. हृदयास रक्त पुरविणाऱ्या धमन्यांच्या अस्तरात मेद साचतो हे खरे. पण त्या मेदाभोवती दाह धुमसत असतो, आणि त्या दाहामुळेच ते आवरण फाटून वर रक्ताची गुठळी धरते व प्रवाह अडतो. सोरायसिसमध्ये त्वचेत जी दाहकारक द्रव्ये निर्माण होतात ती त्वचेतच कोंडून राहत नाहीत. रक्तातून ती सर्व देहभर फिरतात. त्वचेवर दिसणारा दाह आणि धमनीच्या अस्तरातील न दिसणारा दाह हे अशा रीतीने एकाच कुळातले ठरतात.

२००६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी ब्रिटनमधील कुटुंबवैद्यांच्या नोंदी तपासून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सोरायसिसचे सुमारे १,३०,००० रुग्ण आणि तुलनेसाठी तो रोग नसलेली साडेपाच लाखांहून अधिक माणसे होती. वय, लिंग, धूम्रपान, मधुमेह, रक्तदाब इत्यादींचा हिशेब वजा केल्यानंतरही हृदयविकाराच्या झटक्याचा धोका रुग्णांत अधिक आढळला. रोग तीव्र असलेल्या तीस वर्षांच्या माणसात तो इतरांच्या सुमारे तिप्पट होता. साठाव्या वर्षी तोच सुमारे एकतृतीयांशाने अधिक होता. रोग सौम्य असेल तर ही वाढ पुष्कळच कमी होती. येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. तिशीतील माणसास झटका येण्याचा संभव मुळातच थोडा असतो. थोड्याची तिप्पट झाली तरी ती थोडीच राहते. तेव्हा अंगावर चट्टा उठला की काळ दाराशी आला, असे मानणे मूर्खपणाचे होईल. पण चट्ट्याकडे केवळ विद्रूपता म्हणून पाहणे हेही तितकेच चुकीचे होईल.

शिवाय या खटल्यात सहआरोपी पुष्कळ आहेत. सोरायसिसच्या रुग्णांत स्थूलता, मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान, मद्यपान आणि मनाची खिन्नता यांचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळते, आणि यांतील बहुतेक हृदयाचे जुने वैरी आहेत. कोणाचा वाटा किती, हे ठरविणे अवघड असते. त्वचेवर उपचार केल्याने हृदयाचा धोका निश्चितपणे टळतो, असेही अद्याप सिद्ध झालेले नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, पूर्वी झटका येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांवर दाह शमविणाऱ्या एका औषधाचा प्रयोग झाला. रक्तातील चरबी कमी न करताही त्या औषधाने पुढील आघातांचे प्रमाण सुमारे पंधरा टक्क्यांनी घटले. मात्र प्राणघातक जंतुसंसर्गाचे प्रमाण काहीसे वाढले. दाह हा नुसता बघ्या नसून गुन्ह्यात सामील आहे, एवढे त्यावरून दिसून आले. २०१८ साली अमेरिकेतील हृदयतज्ज्ञांच्या संस्थांनी डॉक्टरांसाठी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले त्यात सोरायसिससारख्या दीर्घकालीन दाहाच्या रोगांची गणना हृदयाचा धोका वाढविणाऱ्या गोष्टींत केली आहे. व्यवहारात याचा अर्थ साधा आहे: ज्याच्या त्वचेवर हा रोग आहे त्याचा रक्तदाब, रक्तातील साखर, चरबी आणि वजन ही वेळोवेळी तपासली पाहिजेत; आणि तंबाखू सोडण्याचा उपदेश त्याला इतरांहून अधिक कळकळीने केला पाहिजे.

म्हणजे त्वचा ही येथे एक साक्षीदार आहे. आत जे चालले असण्याचा संभव आहे त्याची खबर ती उघडपणे, सर्वांच्या देखत देत असते. साक्षीदारास धाकदपटशा दाखवून गप्प बसविणे हा कायद्याने गुन्हा आहे, हे सर्वांस ठाऊक आहे. आम्ही त्या गृहस्थांना लांब बाह्यांच्या सदऱ्यात बंद केले तेव्हा दुसरे काय केले? जी साक्ष डॉक्टरांपुढे व्हावयास हवी होती ती कपाटात कोंडली गेली.

येथे नैतिक प्रश्न उभा राहतो, आणि तो आपल्या समाजात फार जुना आहे. रोग हे पापाचे फळ आहे काय? चरकसंहितेत कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आहेत. सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. त्या ग्रंथात कुष्ठ हा शब्द आजच्या महारोगापुरता मर्यादित नाही. त्वचेच्या अनेक विकारांना तो व्यापून आहे. कारणांची गणना करताना विरुद्ध आहार, वेगांचे धारण इत्यादींबरोबर गुरुजनांचा अवमान आणि पापकर्म यांचाही तेथे उल्लेख येतो. युरोपातही निराळे नव्हते. सोरायसिसच्या रुग्णांना शतकानुशतके महारोग्यांत लोटले गेले. १८४१ साली व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी हे दोन रोग स्वच्छपणे वेगळे करून दाखविले. तेव्हा पापाची कल्पना केवळ आपलीच, असे मानून लाजावयाचे कारण नाही. पण ती जुनी आहे म्हणून ती बाळगावी, असेही नाही.

आपल्यापैकी अनेकांचा कर्मसिद्धांतावर विश्वास आहे. आमचाही आहे. तथापि त्या सिद्धांताचा उपयोग कोणी कोणासाठी करावयाचा, याचा विवेक आपण गमावला आहे. स्वतःवर संकट आले असता 'हे माझ्याच कर्माचे फळ' असे म्हणून धीर धरणे निराळे आणि शेजाऱ्याच्या अंगावर चट्टे पाहून 'हे त्याच्या कर्माचे फळ' असा निवाडा करणे निराळे. पहिल्यात विनय आहे. दुसऱ्यात न्यायासनावर अनधिकाराने चढून बसणे आहे. आरोपपत्र नाही, पुरावा नाही, आरोपीस म्हणणे मांडण्याची संधी नाही, आणि शिक्षेची अंमलबजावणी मात्र तत्काळ! अशा निवाड्यास कोणतेही न्यायालय न्याय म्हणणार नाही. मग ज्याला आपण न्यायाधीशांचाही न्यायाधीश मानतो त्या परमेश्वराच्या नावावर तो का खपवावा?

सांबाची कथा सर्वांस परिचित आहे. श्रीकृष्णाचा हा पुत्र पित्याच्या शापाने कुष्ठी झाला आणि सूर्याच्या उपासनेने बरा झाला. ही कथा सांगताना आपण शापावर भर देतो. वस्तुतः कथेचा ओघ उपासनेकडे आणि आरोग्याकडे जातो. शाप देण्याचा अधिकार कथेत एकालाच आहे आणि तोही साक्षात श्रीकृष्णाला. देवाची दारे मात्र रोगी देहासाठी सताड उघडी आहेत. आजच्या वैद्यकातही सोरायसिसवर अतिनील किरणांचा उपचार वैद्यांच्या देखरेखीखाली केला जातो. त्यावरून पुराणकारांना सर्व ठाऊक होते अशी बढाई मारण्याची आमची इच्छा नाही. आणि मनास येईल तेवढा वेळ उन्हात बसून अंग भाजून घेण्याचा सल्ला तर मुळीच नाही. परंतु ज्या परंपरेने रोग्याला सूर्यासमोर उघड्या अंगाने उभे केले तिच्याच वारसांनी त्याला देवासमोर उघड्या अंगाने बसू देऊ नये, ही विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे.

या बाबतीत कायद्याने आपल्यापेक्षा अधिक प्रगती केली आहे, हे कबूल करताना वकील म्हणून अभिमान वाटण्याऐवजी थोडी लाजच वाटते. जुन्या हिंदू धर्मशास्त्रात काही रोग असलेल्या मनुष्यास वारसाहक्क नाकारला जात असे. १९२८ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानातील ही अपात्रता बहुतांशी दूर झाली, आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने कोणताही रोग, दोष वा व्यंग हे वारसाहक्काच्या आड येणार नाही असे निखालस सांगितले. महारोग्यांना अटकावून ठेवण्यासंबंधीचा १८९८ चा कायदा २०१६ साली रद्द झाला. गोव्यात निराळी नागरी संहिता असल्यामुळे हिंदू विवाह कायदा तेथे लागू नाही; पण बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या बांधवांना जो लागू आहे त्या कायद्यातील महारोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ साली गाळण्यात आले. वाट सरळ नव्हती. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने, ओरिसाच्या कायद्यानुसार महारोगाच्या कारणावरून निवडणुकीस अपात्र ठरविलेल्या एका नगरपालिका सदस्याची अपात्रता कायम ठेवली होती. मात्र असे नियम ठेवावेत की नाही याचा विधिमंडळाने पुनर्विचार करावा, असेही सुचविले होते.

येथे कोणी म्हणेल, 'सोरायसिस हा महारोग नव्हे, तेव्हा त्या रुग्णांना दूर ठेवू नये, हे पटले.' हा युक्तिवाद आम्हीही प्रथम केला होता. पण त्यात एक खोट आहे. एका निरपराध्याची सुटका करताना तो दुसऱ्या निरपराध्यास तुरुंगात ठेवून येतो. महारोगावर अनेक औषधांचा एकत्रित उपचार १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कारिलेला आहे. त्याने रोग बरा होतो आणि उपचार सुरू झाल्यावर संसर्गाचे भय उरत नाही. तेव्हा 'हा तो रोग नव्हे' ही अवहेलनेविरुद्धची खरी बाजू नव्हेच. रोग कोणताही असो, त्याच्यापासून स्वतःचे रक्षण करण्याचा अधिकार ज्याला त्याला आहे. पण ते रक्षण ज्ञानाने ठरावयास हवे, किळसेने नव्हे. किळस ही भावना आहे. तिला शास्त्राधार नाही, आणि सोवळ्याचे वस्त्र तिच्या अंगावर चढविल्याने ती धर्म होत नाही.

रुग्णाची काही कर्तव्ये आहेत की नाहीत? आहेत, आणि दयेच्या भरात ती विसरणे म्हणजे त्याला जबाबदार मनुष्य मानण्याचे नाकारणे होय. डॉक्टरांपासून त्याने काहीही लपवू नये. छातीतील धाप, दारूचा पेला, तंबाखूची चिमूट, झोप उडवणारी खिन्नता, सर्व सांगावे. ज्यांच्याशी विवाहसंबंध जुळवावयाचा त्यांनाही आधी खरे सांगावे. कारण संमती ही माहितीवर उभी असते, आणि लपवून मिळविलेली संमती पुढे दोन्ही घरांना जाळते. समाजाला मात्र तो काही सांगावयास बांधलेला नाही. बाजारात, बसमध्ये, देवळात भेटणाऱ्या प्रत्येकाने 'हे काय झाले?' असे विचारावे आणि त्याने खुलासा करीत राहावे, असा कोणाचा हक्क नाही. आपण व्यवहारात नेमके उलट घडवून आणले आहे. समाजापुढे त्याला पदोपदी जबानी द्यावी लागते; आणि त्या जबानीला कंटाळून तो वैद्यापुढेही मुका होतो.

आता आमच्या स्वतःच्या खटल्याकडे येतो. आम्ही दिलेल्या सल्ल्यामुळे त्या गृहस्थांना झटका आला काय? असे सिद्ध करता येणार नाही. त्यांना तंबाखूचे व्यसन होते. त्यांच्या वडिलांनाही हृदयविकार होता. कोणत्याही न्यायालयात आम्ही निर्दोष सुटू. परंतु न्यायालयात सुटणे आणि निर्दोष असणे यांतील अंतर वकिलाइतके कोणास ठाऊक असणार? हक्क त्यांचा आहे हे आम्हांला माहीत होते. तो आम्ही बोलूनही दाखविला. आणि मग 'वितुष्ट नको' या गोड शब्दांखाली तो सोडावयास आम्हीच त्यांना लावले. वितुष्ट टळले खरे. पण त्याची किंमत ज्याने द्यावयास नको होती त्याने दिली. समाजात शांतता राखण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जो दुबळा असेल त्याला गप्प बसण्याची विनंती करणे. आमच्या हातून घडलेला दोष तो हाच.

ते इस्पितळातून घरी आल्यावर आम्ही त्यांच्याकडे गेलो. चहा आला. आमचा पेला बशीतून आला. त्यांचा मात्र खिडकीतल्या कोनाड्यातून आला. तो त्यांनी स्वतःच निराळा ठेवला होता. घरातील कोणी तसे सांगितले नव्हते. पत्नीचे तर त्यावरून त्यांच्याशी नित्य भांडण होत असे. हा रोग पेल्याने पसरत नाही हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक होते. तरीही तो पेला कोनाड्यात होता. आम्ही क्षमा मागितली. ते हसले आणि म्हणाले, "वकीलबाब, तें जालें गेलें." पण पेला पुन्हा कोनाड्यातच ठेवला गेला.

यंदाच्या उत्सवापूर्वी महाजनांच्या सभेत आम्ही दोन गोष्टी मांडल्या. पहिली ही की, त्या दिवसाच्या संकल्पास त्यांनीच बसावे आणि तसे निमंत्रण सर्वांच्या वतीने, आमच्या सहीने, त्यांच्या घरी जावे. दुसरी ही की, उत्सवाच्या काळात अग्रशाळेत एक दिवस वैद्यकीय तपासणी ठेवावी आणि त्वचेच्या रुग्णांचा रक्तदाब व साखरही त्याच वेळी पाहिली जावी. दुसरी सूचना एकमताने संमत झाली. पहिलीवर दोन तास चर्चा झाली. चौघांचा विरोध नोंदला जाऊन तीही संमत झाली. त्यांच्यातील एकाने तीन वर्षांपूर्वीचे आमचेच शब्द आम्हांला ऐकविले. आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही एवढेच म्हणालो की, तो सल्ला चुकीचा होता आणि तो आम्ही मागे घेत आहो.

निमंत्रण पोचले आहे. ते येतील की नाही, हे त्यांनी अद्याप कळविलेले नाही. न येण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.